सांता आमच्याकडे का येत नाही?

प्रश्न: ताई, आम्ही मुस्लिम, घरी ख्रिसमस नसतो. माझ्या ६ वर्षांच्या मुलाने वर्गात सांगून टाकलं की सांता वगैरे कोणी नसतो, आईबाबाच गिफ्ट ठेवतात. बाकावरची मुलगी खूप रडली, टीचरचा फोन आला. मी त्याला रागावले, तर म्हणतो मी खरंच तर बोललो. आता काय सांगू?

उत्तर: अगं, आधी त्याला जवळ घे, कारण तो खोटं बोललाच नाहीये आणि ओरडा मात्र त्यालाच बसला, हे त्याच्या डोक्यात घोळत असणार. त्याला सांग, तू खरं बोललास, पण ही गोष्ट तिला तिच्या आईबाबांनी सांगायची, आपण नाही. सरप्राइज फोडायचं नसतं हे या वयात बरोबर कळतं. कोणी विचारलंच तर "आमच्याकडे ईद असते, सांताचं तू तुझ्या आईला विचार" एवढं वाक्य पाठ करून घे, आरशासमोर दोनदा म्हणायला लाव. आणि ज्याच्यावरून हा सांता आला त्या सेंट निकोलसची गोष्ट सांग ना, चौथ्या शतकात मायरा गावचा बिशप होता, आजच्या तुर्कीत, गरिबांना गुपचूप मदत करायचा असं सांगतात, त्यात कुठलाच धर्म आडवा येत नाही. टीचरशी मात्र बोलच. "सांता फक्त चांगल्या मुलांकडे येतो" हे वाक्य वर्गात नकोच, कारण ज्याच्याकडे तो येतच नाही ते पोर मग स्वतःला वाईट समजतं, फार लागतं हे मुलांना. आणि सगळे सांताला पत्र लिहितील तेव्हा त्याला आजीला लिहू दे की.