200 सायकली घेऊ नका, आधी छोटा हत्ती घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सव्वा लाख वस्तीच्या शहरात नगरपरिषद भाड्याच्या सार्वजनिक सायकली सुरू करतेय, 200 सायकलींपुरता निधी मंजूर झालाय, तर ॲपवाल्या (मोबाइलवरून उघडा, कुठेही सोडा) घ्याव्यात की स्टँडवाल्या (ठरलेल्या स्टँडवरून घ्या, स्टँडवरच लावा), आणि सुरुवात कुठून करावी?

माझं म्हणणं, 200 घेऊच नका. 120 घ्या आणि उरलेल्या पैशांत एक छोटा हत्ती (म्हणजे लहान टेंपो), ड्रायव्हर आणि तीन सायकल मिस्त्री यांचा वर्षभराचा पगार बाजूला काढून ठेवा. सायकली विकत घेणं हे या सगळ्यातलं सर्वात सोपं काम आहे. उद्घाटनाच्या दिवशी फोटोत सायकलीच दिसतात, टेंपो दिसत नाही, म्हणून तो अंदाजपत्रकातही नसतो.

हे मी टेंपोत बसून शिकलोय. पुण्यात डिसेंबर 2017 मध्ये विद्यापीठ आणि औंध भागात ही योजना सुरू झाली, पुढे इतर कंपन्याही आल्या. त्यातल्या एका ठेकेदाराकडे (नाव सांगत नाही) मी सव्वा वर्ष सुपरवायझर होतो. काम एकच: सायकली जिथे साचतात तिथून उचलायच्या आणि जिथे हव्यात तिथे नेऊन लावायच्या.

पहिल्या आठवड्यात वाटलं, लोक सकाळी जातील, संध्याकाळी परत येतील, सायकली आपोआप जागेवर येतील. पण कोथरूडकडून डेक्कनला उतार आहे! सकाळी पोरं हसत खाली यायची. संध्याकाळी तीच पोरं बसने नाहीतर मित्राच्या गाडीवर मागे बसून वर जायची. अकरा वाजता खाली सायकलींचा ढीग, वर एकही नाही. आम्ही चढावरून भरलेला टेंपो न्यायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अर्ध्या तासाला एक रुपया भाडं होतं. एक सायकल उचलून वर न्यायला डिझेल आणि हमाली मिळून किती लागत असेल, तो हिशोब तुम्हीच करा.

पॅरिसलाही हाच त्रास झाला. तिथे 15 जुलै 2007 ला सुमारे 10,000 सायकलींनी ‘वेलिब’ सुरू झालं, आणि लोकांनी टेकडीवरच्या वस्त्यांतून फक्त खाली यायला सुरुवात केली. मग उंचावरच्या स्टँडवर सायकल परत लावणाऱ्याला 15 मिनिटं फुकट मिळू लागली. टेंपोंची गरज तरीही संपली नाही, पण कल्पना चांगली आहे आणि तिला खर्च काहीच नाही. तुमच्याकडे चढ असेल तर पहिल्या दिवसापासून लावा.

आता ॲप की स्टँड. बिनस्टँडच्या सायकली स्वस्त पडतात, खोदकाम नाही, वीजजोडणी नाही. पण कुठेही सोडता येते म्हणजे ती कुठेही सापडते. मी सायकली सोसायटीच्या जिन्याखालून काढल्यात, नाल्यातून काढल्यात. एकदा चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून काढली. मोबाइलवर ठिपका दिसतोय, सायकल आत आहे हे वॉचमनलाही ठाऊक आहे, आणि तो म्हणतो, ‘सेक्रेटरींची परवानगी आणा.’ सेक्रेटरी ऑफिसला. ठिपका आणि मी गेटवर समोरासमोर. दोनेक वर्षांत पुण्यातून बहुतेक कंपन्यांनी गाशा गुंडाळला. सगळा दोष पुणेकरांचा नाही, एखादी तर चीनमधल्या स्वतःच्याच ओझ्याने गेली. पण तोडफोड आणि घरात लपवलेल्या सायकली मी डोळ्यांनी पाहिल्यात.

म्हणून तुम्हाला स्टँडवाली सुचवतो. म्हैसूरचं ‘ट्रिन ट्रिन’ जून 2017 मध्ये साधारण 450 सायकली आणि 48 स्टँडवर सुरू झालं. आधी नोंदणी, मग कार्ड, मग सायकल. जमलं तर तुमच्या अधिकाऱ्यांना घेऊन एकदा बघून या.

नोंदणीचं महत्त्व आपल्या लोकांना समजावावं लागू नये खरं तर. आपल्याकडे तासावर सायकल देणारी दुकानं होतीच की! मडगार्डवर रंगवलेला नंबर, दुकानदाराची वही, आणि ‘कुणाचा रे तू?’ हा प्रश्न. वडिलांचं नाव सांगितलं की सायकल मिळायची आणि चेन तुटलेली सायकल गुपचूप लावून पळालात तर संध्याकाळी घरी निरोप यायचा. उलट 1965 मध्ये ॲमस्टरडॅमला काही तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली बिनकुलूप रस्त्यावर सोडल्या, कुणीही घ्या, कुणीही वापरा. पोलिसांनी जप्त केल्या, कारण सायकल बिनकुलूप ठेवणं तिथे नियमाविरुद्ध होतं. 1995 मध्ये कोपनहेगनने 20 क्रोनरचं नाणं टाकून सायकल सुटेल अशी सोय केली, पण नाणं कुणाचं हे कळत नाही, चोऱ्या चालूच राहिल्या. फ्रान्समधल्या रेन शहराने 1998 मध्ये कार्ड आणलं. म्हणजे फिरून फिरून गाडी आपल्या दुकानदाराच्या वहीवरच आली.

जागा निवडताना मात्र भांडण होणार, तयारी ठेवा. दर नगरसेवकाला आपल्या प्रभागात एक स्टँड हवा असतो. तसं वाटलंत तर योजना त्याच दिवशी संपली असं समजा. सार्वजनिक सायकलींवर काम करणाऱ्या आयटीडीपी या संस्थेच्या मार्गदर्शिकेत चौरस किलोमीटरला 10 ते 16 स्टँड सांगितलेत, म्हणजे एकापासून दुसरा तीनेकशे मीटरवर, चार मिनिटं चालून. स्टँडला 10 सायकली धरल्या तर तुमच्या 120 सायकलींचे 12 स्टँड होतात. म्हणजे जेमतेम एक चौरस किलोमीटर. तो एकच किलोमीटर निवडा: एसटी स्टँड, कॉलेज, बाजारपेठ, सरकारी दवाखाना ज्यात येतात तो. बाकी शहराला पुढच्या वर्षी.

आणि स्टँडवर दर सायकलीमागे किमान दोन खाचा (सायकल लावायच्या जागा) ठेवा. रिकामा स्टँड दिसला तर माणूस चडफडत चालू लागतो. भरलेला स्टँड दिसला तर मात्र सायकल हातात, भाडं चालू आणि लावायला जागा नाही. तो माणूस परत येत नाही.

सायकलीबद्दल दोनच गोष्टी. दांडा खाली असलेली फ्रेम घ्या, म्हणजे साडीतल्या बाईलाही बसता येईल. आणि ‘पंक्चर होतच नाही’ म्हणून भरीव टायर विकायला येतील, घेण्याआधी स्वतः चढावर एक किलोमीटर चालवा. मी चालवलीय. पंक्चर होत नाही हे खरं, आपणच पंक्चर होतो. पावसाळ्यात चेन, केबल, ब्रेक गंजतात, त्यामुळे जून उजाडण्याआधी मिस्त्रींच्या हाताशी सुटे भाग हवेत, ऑर्डर दिलेले नव्हे, खोलीत ठेवलेले.

निविदेत एक ओळ सोडून बाकी सगळं कमी-जास्त झालं तरी चालेल. ठेकेदाराला पैसे सायकली पुरवल्याबद्दल देऊ नका. सकाळी आठ वाजता स्टँडवर उभ्या असलेल्या, हवा असलेल्या, ब्रेक लागणाऱ्या सायकली मोजा आणि त्या आकड्यावर द्या. मोजायला पालिकेचा माणूस न सांगता पाठवा. आमच्याकडे पैसे सायकलींच्या एकूण संख्येवर मिळायचे, त्यामुळे गोदामात पडलेली मोडकी सायकलही कागदावर धावत होती.

भाड्यातून खर्च निघेल असं कुणी सभेत म्हणालं तर सांगा, पॅरिसनेही सुरुवातीची ती योजना शहरातल्या जाहिरात फलकांच्या हक्कांच्या बदल्यात चालवून घेतली होती. तुमच्याकडे फलक कुणाच्या ताब्यात आहेत ते बघा. (मला अंदाज आहे. निवडणुका जवळ असतील तर विचारायलाच नको.)

शहराचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. सांगायचं नसेल तर राहू द्या, पण एसटी स्टँड बाजारपेठेपेक्षा वर आहे की खाली, आणि तासावर सायकल देणारा कुणी म्हातारा दुकानदार अजून आहे का, एवढं कळवा. टेंपोच्या फेऱ्या किती लागतील ते पहिल्यावरून सांगता येईल, आणि दुसरा सापडला तर तीनपैकी एका मिस्त्रीची जाहिरात द्यायला नको.