फुटबॉल वर्ल्ड कपला यजमान देशाची स्वतःची बीअर असताना स्टेडियममध्ये परदेशी कंपनीचीच का विकतात? देश नाही का म्हणत नाहीत?

पैशासाठी, दुसरं काय. फिफा ‘बीअर’ या प्रकाराचे जगभरचे हक्क एकाच कंपनीला विकते, १९८६ पासून ते बडवायझरकडे आहेत. यजमानपद मागतानाच सरकारं हमी लिहून देतात, त्यामुळे लोक बोंब मारतात तोवर सह्या होऊन वर्षं लोटलेली असतात. २००६ ला जर्मन लोक जाम चिडले होते. ज्यांच्याकडे बीअरमध्ये काय घालायचं याचा १५१६ सालचा नियम, त्यांना तांदूळ घातलेली अमेरिकन बीअर पाजायची! शेवटी तडजोड होऊन बिटबुर्गर या जर्मन बीअरला स्टेडियममध्ये जागा मिळाली, पण बिननावाच्या कपात. ब्राझीलने तर स्टेडियममधली दारूबंदी २०१४ च्या वर्ल्ड कपसाठी बाजूला ठेवली. नाही म्हणाला तो कतार, तोही उद्घाटनाला दोन दिवस उरले असताना. खिशात गॅसचा पैसा असला की जमतं.

पण जर्मनांना निदान राग तरी आला. आपल्याला तोही येत नाही.

मी भंडारी, म्हणजे माडाचा रस, माडी, काढणाऱ्या जातीतला. आजोळ पालघरकडच्या केळव्याचं. मामा अजून माडावर चढतात. सकाळ-संध्याकाळ वर जायचं, पोयीला, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याला, पातळ काप द्यायचा, मडकं लावायचं. मुलं बोईसरला कंपनीत, त्यामुळे मामांनंतर कोणी नाही. २०२२ ची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल आम्ही दादरला सोसायटीच्या गच्चीवर पडदा लावून पाहिली. मामा डहाणू लोकलने आले, सोबत माडीचा कॅन. झाकण घट्ट लावलं तर कॅन फुगतो, म्हणून ते अर्धा आटा ढिलं ठेवून वर ओलं फडकं बांधतात. फडक्यातून फेस बाहेर येत होता. आमचे थोरले साडू जाहिरात कंपनीत आहेत. हातात बडवायझरचा गार डबा, आणि मला बाजूला घेऊन म्हणतात, “अहो, ते जिन्यात ठेवा ना. वास मारतोय, सोसायटीचे लोक आहेत.”

मामांनी ऐकलं. म्हणाले, “पाहुणे, तुमच्या डब्यावर कधीपर्यंत चांगली लिहिलंय?”

साडूंनी डबा फिरवून महिना वाचून दाखवला.

“इतके महिने काहीच होत नाही? मग ती जिवंत कुठाय?”

एमबापेने दोन मिनिटांत दोन गोल मारले तेव्हा अर्धी गच्ची जिन्यात होती, कॅनपाशी. साडू सोडून.

आता बीअर चांगली आणि माडी हलकी हे ठरवलं कोणी? इंग्रजांनी १८७८ चा आबकारी कायदा आणला, रस काढायच्या झाडावर कर बसवला, परवाना लावला. तेव्हापासून झाड आमचं, रस सरकारचा. आज मुंबईत माडी मिळते ती कुठल्यातरी गल्लीतल्या कळकट ‘ताडी-माडी केंद्रा’त. बीअरच्या जाहिरातीला टीव्हीवर बंदी आहे म्हणावं, तर तेच नाव सोड्याच्या बाटलीवर चिकटवून दिवसभर दाखवतात. माडीच्या नावाने सोडा कोण काढणार? गोव्याने फेणीला २००९ सालीच जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळवून दिला. आपण काय केलं?

वर्ल्ड कपमध्ये माडी विका असं मी म्हणत नाही. सकाळची माडी दुपारी फसफसते आणि दुसऱ्या दिवशी आंबून व्हिनेगरच्या वाटेला लागते, ती स्टेडियमभर पुरवणार कशी? केंद्रांवर पावडर मिसळून विकणारे आहेत हेही खरं, तिथली मी स्वतः पीत नाही. आणि मामांनी कॅन लोकलमधून आणला तो कायद्यात कितपत बसतो, ते इथे विचारू नका.

हल्ली हेच साडू लोअर परळला जाऊन आंबट क्राफ्ट बीअर पितात, ग्लासामागे पाच-सहाशे मोजतात आणि आम्हाला ‘नॅचरल फर्मेंटेशन’ समजावतात.

तुम्हाला खरंच चव बघायची असेल तर थंडीत पहाटेची गाडी धरून केळवे रोडला उतरा आणि ऊन चढायच्या आत परवानेवाल्याकडून झाडाखालीच घ्या. साडूंनाही हेच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, तिथे पार्किंग आहे का.