नव्याने शाळेत समुपदेशक म्हणून लागलीस ना, मग हे वाच

अगं, पहिल्याच भेटीत 'काय झालं, सांग बरं' म्हणून टेबलापलीकडे बसू नकोस. तिथे बसलेली बाई मुलांना मुख्याध्यापिकाच वाटते. सातवीतला एक मुलगा माझ्याकडे तीन वेळा येऊन नुसता पेन्सिलींना टोक काढत बसायचा. मीही शेजारी बसून टोकं काढली. चौथ्या खेपेला मान वर न करता म्हणाला, "बाबा आता घरी येत नाहीत." मी फक्त 'हं' म्हटलं. पुढचं तोच बोलला.

'कुणालाही सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नकोस. लैंगिक अत्याचाराचं कळलं, तर २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. हे मुलांना आधीच सांगायचं. ती समजून घेतात. चिडतात ते पालक.

जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. 'हो' आलं तर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी पालकांना बोलवायचं (त्रास घरातूनच नसेल तर) आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं. मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे नंबर भिंतीवर लाव, मुलांच्या नजरेच्या उंचीवर.

आणि हो, दारावरची 'समुपदेशन कक्ष' ही पाटी काढ. आमच्याकडे ती काढल्यावरच मुलं मधल्या सुट्टीत डोकवायला लागली.