वॉर्डच्या किल्ल्या हाती आल्यावर

प्रश्न : ताई, मी एका खासगी रुग्णालयात आठ वर्षं आयसीयूत स्टाफ नर्स होते. गेल्या वर्षी मला मेडिकल वॉर्डची इन्चार्ज केलं. ३२ खाटा, आम्ही १४ जणी. दहा महिन्यांत सहा जणी सोडून गेल्या. आता व्यवस्थापन मला दोन दिवसांच्या नेतृत्व प्रशिक्षणाला पाठवतंय. म्हणजे मुली माझ्यामुळे जातात, असंच ना? प्रशिक्षणाने खरंच काही फरक पडतो का? परवा माझ्या सगळ्यात हुशार मुलीने राजीनामा दिला. नोटिशीचे बारा दिवस उरलेत. तिच्याशी काय बोलू?
— एक इन्चार्ज सिस्टर, नाशिक

उत्तर : सिस्टर, आधी मनावरचं ओझं थोडं उतरवा. सहाच्या सहा जणी तुमच्यामुळे गेलेल्या नाहीत. कोणी सरकारी भरतीत लागली असेल, कोणी आखातात गेली असेल, कोणाचं लग्न होऊन गाव बदललं असेल. पगाराचंही बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने स्पष्ट शिफारस केली होती : २००हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेला राज्य सरकारच्या परिचारिकेइतका पगार द्यावा आणि ५०पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. तुमच्याकडे ते पाळलं जात नसेल, तर ती गळती कुठल्याही प्रशिक्षणाने थांबणार नाही. हे व्यवस्थापनाला सांगायला कचरू नका.

तरीही प्रशिक्षणाला जा. का, ते माझ्यावरून सांगते.

मी जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स होते. परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज झाले त्या सकाळी माझ्या हातात कपाटाच्या किल्ल्या आणि स्टॉकचं रजिस्टर ठेवलं. बस्स. लहान बाळाची शीर मला अंधारात सापडायची, पण ड्युटी लिस्ट कशी लावायची हे कोणी शिकवलं नव्हतं. रडणाऱ्या मुलीशी काय बोलायचं हेही नाही. एकदा राउंडला इनटेक-आउटपुट चार्ट (रुग्णाच्या शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं त्याची नोंद) भरलेला नव्हता म्हणून मोठे डॉक्टर एका नव्या मुलीवर नातेवाइकांसमोर ओरडले. मी तिच्या बाजूला उभी राहायचं सोडून वर माझेही दोन शब्द ऐकवले. ती आठवड्यात सोडून गेली. ती सलग दुसरी नाइट करून तिथे उभी होती, आणि ती ड्युटी मीच लावलेली होती, हे मी नंतर लिस्ट उघडली तेव्हा मला दिसलं. त्या मुलीचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून सांगते, इन्चार्जपणही शिकावं लागतं. अमेरिकेत १९८०च्या सुमाराला परिचारिका मिळेनाशा झाल्या, तेव्हा काही रुग्णालयांत मात्र त्या टिकून होत्या. तिथल्या परिचारिकांच्या संस्थेने १६३ रुग्णालयं तपासून त्यांतली ४१ निवडली आणि १९८३ साली अहवाल काढला. तिथे मेट्रन, म्हणजे सगळ्या परिचारिकांची प्रमुख, सहज भेटायची, वॉर्डात दिसायची, निर्णयात परिचारिकांना विचारलं जायचं आणि ड्युट्या माणसाची अडचण बघून लावल्या जायच्या. यातलं ड्युटी लिस्टचं काम तर थेट तुमच्या टेबलावरचं आहे.

लिस्ट पंधरा दिवस आधी लावा. भिंतीजवळ एक वही ठेवा, कोणाला कुठल्या तारखेला ऑफ हवा ते त्यात लिहू द्या. सगळ्यांना सगळं मिळणार नाही, पण का नाही मिळालं ते तोंडाने सांगा. इव्हिनिंग करून गेलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी मॉर्निंगला बोलावू नका. दर महिन्याच्या नाइट कोणाच्या वाट्याला किती आल्या ते मोजा. गप्प बसणाऱ्या मुलीच्या वाट्याला त्या जास्त आलेल्या सापडतील, मलाही सापडल्या होत्या. नव्या मुलीला पहिले तीन महिने रात्री एकटीला ठेवू नका. कॉलेजात शिकलेलं आणि वॉर्डात दिसणारं यातल्या दरीने नवख्या परिचारिका हादरतात, हे अमेरिकेतल्या परिचर्या-संशोधक मार्लिन क्रॅमर यांनी १९७४ सालीच मांडलं होतं.

दोन दिवस खुर्चीत बसून स्लाइड बघून यातलं काही हाताला लागणार नाही. जाताना तुमची गेल्या तीन महिन्यांची ड्युटी लिस्ट सोबत न्या आणि शिकवणाऱ्यांना म्हणा, हीच सोडवून दाखवा. ओरडणाऱ्या डॉक्टरांना सगळ्यांदेखत, आवाज न चढवता, ‘सर, आपण ड्युटी रूममध्ये बोलू,’ असं म्हणायचा सराव करून घ्या. पहिल्यांदा जीभ अडखळतेच. परतल्यावर सहा महिने दर पंधरवड्याला एखाद्या जुन्या मेट्रनसोबत बसता येईल, अशी सोय मागा. आणि रजा मंजूर करायचा अधिकार मागा. मुलीने रजा तुमच्याकडे मागायची आणि ‘वर विचारते’ एवढंच तुम्ही म्हणायचं, असं असेल तर तुमचं नेतृत्व कागदावरच राहील.

एका पाळीला एका परिचारिकेकडे किती रुग्ण, हा आकडाही लेखी कळवत राहा. संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांच्या अभ्यासात दाखवलं, की एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि परिचारिका थकून खचण्याची २३ टक्क्यांनी. माणूस कमी असताना तुम्ही गोड बोलून भागवत राहिलात, तर तो भार मुलींच्या अंगावर पडतो आणि शेवटी रुग्णाच्या.

आता त्या मुलीबद्दल. तिला थांबवायचा प्रयत्न करू नका. ओव्हर झाल्यावर, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवून झाल्यावर, तिला चहाला बसवा, दार लावून घ्या आणि विचारा, ‘इथे कोणत्या दिवशी तुला पहिल्यांदा वाटलं, की आता जावं?’ मग मध्ये बोलू नका. त्या दिवशी कदाचित तुम्हीच चुकला असाल, तरी खुलासा देऊ नका. राहिलेल्या मुलींना हेच वेगळ्या तऱ्हेने विचारा, एकेकीला, त्यांनी राजीनामा लिहायच्या आत. तिच्या बारा दिवसांत तिला नाइट लावून वचपा काढल्यासारखं करू नका. शेवटच्या दिवशी तिचा अनुभवाचा दाखला आणि मूळ कागदपत्रं तिच्या हातात पडतील, हे स्वतः ऑफिसात उभं राहून बघा. तुम्ही तिला कसं पाठवता, हे राहिलेल्या मुली बघत असणार.