वेगवान रक्तप्रवाह की जलद एमआरआय?

प्रश्न असा आहे: ‘हृदयातील वेगवान रक्तप्रवाहाचा एमआरआय’ असा मथळा एका भाषांतरित लेखाला होता. सांगायचं होतं ते एवढंच, की ही तपासणी आता लवकर उरकते. मग ‘वेगवान’ तिथून उचलून एमआरआयच्या आधी ठेवला तर भागेल का?

अर्धंच भागेल. जागा बदलायलाच हवी, कारण वेगवान रक्तप्रवाह ही वैद्यकात वेगळीच गोष्ट आहे. निरोगी माणसाच्या महाधमनीत रक्ताचा कमाल वेग सेकंदाला साधारण एक ते दीड मीटर असतो. झडप अरुंद झाली की तो वाढतो, आणि 4 मीटरच्या वर गेला की आजार तीव्र मानतात. तो मथळा वाचून एखादा हृदयरोगी धसका घेईल.

पण माझ्या मते शब्दही बदलावा. या तपासणीत ‘वेग’ हीच मोजायची गोष्ट आहे, आणि तीही शाळेच्या पुस्तकातल्या काटेकोर अर्थानं: चाल म्हणजे नुसतं किती, वेग म्हणजे किती आणि कुठल्या दिशेनं. फेज-कॉन्ट्रास्ट एमआरआयमध्ये, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या एमआरआयमध्ये, उलट वाहणारं रक्त उलट चिन्ह घेऊन येतं, म्हणून तर झडपेतून मागे गळणारं रक्त ओळखू येतं. वेगाची मर्यादा आधीच ठरवावी लागते, समजा सेकंदाला 150 सेंटिमीटर. रक्त त्याहून जोरात गेलं, तर चित्रात ते चक्क उलटं वाहताना दिसतं! शब्दावर एवढा भार असताना तोच तपासणीलाही लावला, तर वाक्य गढूळ होतं.

तपासणीसाठी ‘जलद’ घ्यावा. (हा अरबी-फारसीतून आलेला, मेघ या अर्थाचा संस्कृत ‘जलद’ निराळा.) मुंबईची जलद लोकल लवकर पोचते ती मधली स्टेशनं गाळून, आणि इथंही गाळण्याचीच करामत आहे. 1999 साली आलेल्या ‘सेन्स’ पद्धतीत अनेक कॉइल (शरीरातून येणारा संकेत टिपणारी वेटोळी) एकदम वापरून मोजमापं कमी केली. 2007 मध्ये लस्टिग, डोनोहो आणि पॉली या संशोधकांनी एमआरआयसाठी कॉम्प्रेस्ड सेन्सिंग मांडलं: मोजमापं आणखी गाळायची आणि चित्र गणितानं पुरं करायचं. फोर-डी फ्लो तपासणीला, म्हणजे रक्तप्रवाह तिन्ही दिशांनी आणि क्षणाक्षणाला टिपणाऱ्या एमआरआयला, एरवी दहा-वीस मिनिटं सहज लागतात; अशा युक्त्यांनी ती थोडक्या मिनिटांवर येते.

तेव्हा ‘हृदयातील रक्तप्रवाहाचा जलद एमआरआय’ असं लिहावं. ‘गतिमान एमआरआय’ मात्र नको. त्यातून हलती चित्रं असा अर्थ निघतो, आणि त्यासाठी ‘सिने एमआरआय’ हे नाव आधीच रूढ आहे.