वाचक विचारतात : वेंडलँडची गोल गावं

प्रश्न : मुलीकडे हॅम्बुर्गला जाणार आहोत. तिथून ल्यूखो-डानेनबेर्ग जिल्ह्यातली गोल गावं बघायची आहेत. तिथे नेमकं काय पाहावं? गावांची नावं जर्मन का वाटत नाहीत?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ‘ओ’, ‘इत्स’, ‘ईन’ अशी संपणारी ही नावं मुळात स्लाव लोकांची. जर्मन त्यांना वेंड म्हणत, म्हणून हा भाग वेंडलँड. त्यांची पोलाबी, म्हणजेच वेंडी भाषा अठराव्या शतकाच्या मध्याला संपली. स्यूटेन गावच्या योहान पारुम शुल्त्से या शेतकऱ्याने १७२५च्या सुमारास लिहून ठेवलं आहे, की मी आणि गावातली आणखी तिघं गेलो, की वेंडी भाषेत कुत्र्याला काय म्हणतात हेही कुणाला धड ठाऊक नसेल. मरू घातलेल्या भाषेबद्दल इतकं नेमकं क्वचितच कुणी लिहिलं असेल.

गावात शिरलात की थेट मधल्या मोकळ्या जागेत उभे राहा. आत येणारा मूळ रस्ता बहुधा एकच. सगळ्या घरांची तोंडं मध्याकडे, मागे पाचरीसारखी रुंदावत गेलेली परसं. शत्रूच्या भीतीने अशी रचना केली, असं सर्रास सांगतात. ते सिद्ध झालेलं नाही.

आता एक दार नीट बघा. ते भरलेली गाडी आत जाईल एवढं मोठं असतं, कारण आत खळं असे. खळ्याच्या दोन्ही अंगांना गुरं, टोकाला चूल आणि माणसांच्या खोल्या, सगळं एकाच छपराखाली. जुन्या घरांना धुराडं नसे. धूर माळ्यावरून जाई, त्याने धान्य कोरडं राही आणि टांगलेलं मांस टिके. आपल्याकडे गणेशपट्टी असते, त्या जागी बांधल्याचं साल, नवरा-बायकोची नावं आणि बऱ्याचदा प्रार्थनेची ओळ कोरलेली असते. साटेमिन गावात १८५० साल दारोदार दिसेल : त्या वर्षी गाव जळालं आणि लगेच पुन्हा उभं राहिलं.

भिंती म्हणजे ओकची चौकट आणि मध्ये कूड किंवा विटा. दुरुस्तीत सिमेंटचा गिलावा दिला की घात होतो. लाकूड आकसतं, फट पडते, पाणी आत जातं आणि बाहेर पडत नाही. तळाची तुळई आधी कुजते. तेवढा भाग कापून नवा ओक सांधायचा आणि माती-चुन्यानेच लिंपायचं, हे बरं.

हॅम्बुर्गजवळच्या ल्यूनेबुर्गहून डानेनबेर्गला रेल्वे आहे. पुढे बस कमी, म्हणून सायकल किंवा गाडी घ्या. आधी ल्यूबेलन गावातलं संग्रहालय गाठा, तिथे घर आतून पाहता येतं. बाकी गावांत लोक राहतात. दार उघडं दिसलं तरी विचारल्याशिवाय आत जाऊ नका.