संध्याकाळचे फोटो पुसट का येतात?

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी मी कॅमेरा घेतला. दिवसा फोटो चांगले येतात. परंतु संध्याकाळी दिंडीतील टाळकऱ्यांचे हात आणि चेहरे पुसट येतात. महाग लेन्स घ्यावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लेन्सची घाई करू नये. प्रकाश कमी झाला की ऑटो मोडमध्ये कॅमेरा शटर अधिक वेळ उघडे ठेवतो आणि तेवढ्या वेळात टाळ वाजवणारा हात हललेला असतो. लेन्समधील स्थिरीकरण आपल्या हाताची थरथर सावरते, समोरच्याची हालचाल नव्हे. म्हणून शटर प्रायॉरिटी मोडवर, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवतो त्या मोडवर, वेग १/२५० सेकंद ठेवावा आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० पर्यंत वाढू द्यावा. फोटोत थोडे दाणे दिसतील, परंतु माझ्या मते हललेल्या चेहऱ्यापेक्षा दाणेदार चेहरा केव्हाही बरा. सरावासाठी घरातला फिरता पंखा १/१५, १/६०, १/२५० आणि १/१००० या वेगांवर टिपून चारही फोटो शेजारी ठेवून पाहावेत. कोणत्या वेगाला पाती स्थिर दिसतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की दिंडीत आकडे आठवत बसावे लागत नाही. नाचत्या पावलांची लय दाखवायची असेल, तर मात्र १/३० सेकंद मुद्दाम वापरून पाहावा.